हिल फार्मचे तळे
(एका मॉर्मन धर्मप्रचारकाचा आठवडा : १ ते ८ मार्च १८४०)

मराठी वाचकाला मिशनरी परका नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१३ साली मुंबईत पोहोचले, १८२९ मध्ये स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले, १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या घरातली सगळी उलथापालथ लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून आपल्यापर्यंत आली. या वाचनातून मिशनऱ्याचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. तो येतो तो राहण्यासाठी. भाषा शिकतो, शाळा काढतो, छापखाना घालतो, व्याकरण लिहितो. एकेका बाप्तिस्म्यासाठी वर्षे घालवतो आणि पुष्कळदा बायकामुलांसह इथल्याच मातीत पुरला जातो.

मॉर्मन प्रचारक या चित्रात बसत नाही. तो बहुधा पाद्री नसतोच. शेतकरी, सुतार, गिरणीवाला, शिंपी असा कोणी तरी असतो. त्याला धर्मशिक्षणाची पदवी नसते, पगार नसतो. थोड्या काळासाठी येतो, माणसे गोळा करतो आणि परत जातो. पहिल्या पन्नास वर्षांत तर गोळा केलेली माणसेही आपल्याबरोबर अमेरिकेला घेऊन जायचा. आज पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावून जोडीने हिंडणारी अठरा-वीस वर्षांची मुले वाचकांपैकी काहींनी परदेशात पाहिली असतील. त्यांचा कुळाचार हाच आहे.

मी या लोकांच्या मागे लागलो तो पुण्याच्या लष्करामुळे. १८५० च्या दशकातल्या तिथल्या गोऱ्या वस्तीविषयी वाचताना ह्यू फिंडले या मॉर्मन प्रचारकाचे नाव पुढे आले. पुण्यात मॉर्मन? आणि तेही १८५७ च्या आधी? त्याचा माग काढताना कळले, की फिंडले जी पद्धत घेऊन आला होता ती बारा वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका कोपऱ्यात विलक्षण यशस्वी झाली होती, इतकी की प्रत्येक मॉर्मन घरात ती गोष्ट मुलांना सांगितली जाते. पुण्यात मात्र ती पद्धत चालली नाही. का चालली नाही हे समजून घ्यायचे तर आधी ती जिथे चालली तिथे जावे लागते. म्हणून या लेखाचा बराचसा भाग हेरफर्डशायरमध्ये घडतो आणि पुणे शेवटी येते.

या गोष्टीचा नायक विल्फर्ड वुड्रफ. जन्म १ मार्च १८०७, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात. बाप पाणचक्कीवाला, मुलगाही तेच काम शिकला. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा नवा पंथ स्थापन केला होता; देवाने पुन्हा प्रेषित आणि संदेष्टे नेमले आहेत, आकाशाचे दार बंद झालेले नाही, असे त्याचे सांगणे. वुड्रफ १८३३ च्या शेवटच्या दिवशी त्या पंथात आला आणि १८३९ मध्ये बारा प्रेषितांपैकी एक झाला. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्याचे मोल वेगळ्याच कारणासाठी आहे. हा माणूस रोजनिशी लिहायचा. १८३३ पासून १८९८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ. आज किती मैल चाललो, कोठे उतरलो, किती सभा झाल्या, किती जणांना बाप्तिस्मा दिला, सगळे टिपलेले. वाण्याच्या वहीसारखी ही नोंद आहे. वाण्याच्या वहीत काव्य नसते, पण खोट पकडायची असेल तर वहीसारखे दुसरे साधन नाही.

त्याच वुड्रफने १८८१ मध्ये, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी, तरुण वाचकांसाठी आपल्या रोजनिशीच्या आधारे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. हेरफर्डशायरची गोष्ट जगाला ठाऊक आहे ती मुख्यतः या पुस्तकातून. वही आणि पुस्तक, दोन्ही त्याच हातचे. दोन्हींत अंतर मात्र एका आयुष्याचे. पुढचे वाचताना हे अंतर ध्यानात ठेवावे.

८ ऑगस्ट १८३९ रोजी वुड्रफने मिसिसिपी नदीकाठचे मॉन्ट्रोज गाव सोडले. अंगात हिवताप होता. पत्नी फीबी आजारी होती, पोटात दुसरे मूल होते, पहिली मुलगी सेरा एमा नुकती वर्षाची झाली होती. घर म्हणजे रिकाम्या पडलेल्या जुन्या लष्करी बराकीतली जागा. बरोबर पैसे नाहीत, कारण नियमच तसा : शुभवर्तमानातल्या शिष्यांप्रमाणे थैली आणि झोळी न घेता निघायचे, जो घरात घेईल त्याच्याकडे जेवायचे. आपल्या माधुकरीशी याचे साम्य दिसते. फरक एवढाच, की माधुकरी मागणाऱ्याला पुढे कोणते घर येणार हे ठाऊक असते. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कहून ‘ऑक्सफर्ड’ जहाज निघाले आणि ११ जानेवारी १८४० रोजी वुड्रफ लिव्हरपूलला उतरला. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाण्याची सोय सुरू झाली होती. अटलांटिकपलीकडे ती सोय नव्हती. फीबीचे पत्र यायला आठवडेच्या आठवडे लागत, आणि येईल तेव्हा त्यातली बातमी शिळी झालेली असे.

पहिले दीड-दोन महिने त्याने स्टॅफर्डशायरमधल्या कुंभारकामाच्या गावांत काढले. बर्स्लेम, हॅनली, स्टोक : धुराडी, भट्ट्या, चिनी मातीची भांडी. काम बरे चालले होते. आता आपल्या आठवड्याकडे येऊ.

रविवार, १ मार्च. वुड्रफचा तेहतिसावा वाढदिवस. हॅनलीमध्ये संध्याकाळची सभा होती. त्या सभेत आपल्याला आतून सूचना मिळाली, की इथली ही शेवटची सभा, आता दक्षिणेकडे जायचे, असे तो सांगतो. पुढच्या आठवड्याच्या सभा ठरलेल्या होत्या, त्यामुळे ऐकणारे चकित झाले. देवाची सूचना की मनाचा कौल, हा प्रश्न इतिहासकाराच्या कक्षेत येत नाही आणि मी त्यात पडत नाही. इतिहासकाराने सोमवारकडे पाहावे. सोमवारी, २ मार्चला, तो हॅनलीतल्या विल्यम बेन्बो या सभासदाकडे गेला. या विल्यमचा भाऊ जॉन दक्षिणेला हेरफर्डशायरमध्ये शेती करत होता आणि धर्माच्या बाबतीत अस्वस्थ होता. म्हणजे सूचना रविवारची, पण पत्ता सोमवारचा. श्रद्धावान वाचक रविवार लक्षात ठेवतो. मला सोमवार महत्त्वाचा वाटतो. अनोळखी मुलुखात जाणाऱ्या माणसाच्या खिशात एका शेतकऱ्याच्या सख्ख्या भावाचा निरोप असणे ही पुष्कळ मोठी शिदोरी आहे.

मंगळवारी घोड्यांच्या गाडीने सव्वीस मैलांवरचे वुल्व्हरहॅम्प्टन, तिथे मुक्काम. बुधवारी पुन्हा गाडी : डडली, स्टोअरब्रिज, स्टोअरपोर्ट, वुस्टर. कोळशाचा आणि लोखंडाचा काळा मुलूख मागे पडला, टेकड्या, सफरचंदाच्या बागा आणि हॉप्सचे मळे लागले. वुस्टरपासून काही मैल पायी चालून तो कॅसल फ्रोम गावच्या हिल फार्मवर पोहोचला.

जॉन बेन्बो बडा शेतकरी होता. तीनशे एकर जमीन कसत होता, राहते घर मोठे, पैसा बरा. तो आणि त्याची बायको जेन यांना मूल नव्हते. अमेरिकेहून कोणी पायपीट करत आपल्याकडे धर्म सांगायला आला आहे याचे त्यांना अप्रूप वाटले. आणि मग जॉनने जी माहिती दिली ती या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे.

या परिसरात सहाशेवर माणसांचा एक गट होता. स्वतःला ते युनायटेड ब्रेदरन, म्हणजे ‘संयुक्त बंधू’ म्हणवत. मेथडिस्टांपासून ते फुटले होते. वुड्रफ त्यांना वेस्लियन मेथडिस्टांतून फुटलेले म्हणतो. प्रत्यक्षात त्यांचा पुढारी टॉमस किंग्टन हा प्रिमिटिव्ह मेथडिस्टांमधून बाहेर पडलेला होता. हा तपशील बारीक आहे पण निरर्थक नाही. प्रिमिटिव्ह मेथडिस्ट म्हणजे गरिबांचे, उघड्या माळावर सभा घेणारे मेथडिस्ट. त्यांची पहिली मोठी माळसभा १८०७ मध्ये मो कॉपच्या टेकडीवर झाली, वुड्रफ ज्या कुंभारगावांतून आला होता त्यांच्या जवळच. अशा लोकांना पगारी पाद्र्याची सवय नव्हती. चांभार, शेतमजूर, गवंडी उठून प्रवचन करतो हे त्यांना नवे नव्हते. पाणचक्कीवाल्याचे प्रवचन ऐकायला ते आधीपासून तयार होते.

या गटात पंचेचाळीसच्या आसपास प्रवचनकार होते. गॅडफील्ड एल्म येथे त्यांनी १८३६ मध्ये दगडी प्रार्थनामंदिर बांधले होते. शिवाय पुष्कळ राहती घरे कायद्याप्रमाणे उपासनेसाठी नोंदवलेली होती. त्यांचा १८४० सालचा छापील ‘प्लॅन’ उपलब्ध आहे : कोणत्या रविवारी कोणत्या गावी कोणी प्रवचन करायचे याचा तक्ता. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका असते, पहाटेचा काकडा कोणाचा, दुपारचे प्रवचन कोणाचे, रात्रीचे कीर्तन कोणाचे, तशीच. डोंगरात, शेतात विखुरलेल्या सहाशे माणसांना बांधून ठेवणारी दोरी म्हणजे हा कागद. वुड्रफला माणसे जमवावी लागली नाहीत. फड तयार होता, विणेकरी होते, दिंडीचा मार्ग ठरलेला होता. तो येऊन फक्त मध्ये उभा राहिला.

असे म्हटले की वुड्रफचे श्रेय हिरावल्यासारखे होते, पण तसे नाही. तयार फडात उभे राहून पहिल्याच अभंगाला लोकांना धरणे हे सोपे काम नव्हे. गुरुवारी, ५ मार्चच्या संध्याकाळी त्याने बेन्बोच्या घरी पहिले प्रवचन केले. शुक्रवारी पुन्हा. आणि शुक्रवारीच सहा जणांना बाप्तिस्मा दिला : जॉन बेन्बो, जेन बेन्बो आणि संयुक्त बंधूंचे चार प्रवचनकार. पोहोचल्यापासून दोन दिवसांत! हॉल आणि नॉट यांच्या अमेरिकन मराठी मिशनला पहिल्या हिंदू बाप्तिस्म्यासाठी किती वर्षे थांबावे लागले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा वेग अंगावर येईल. अर्थात तुलना बरोबरीची नाही. बेन्बोला देव बदलायचा नव्हता, पुस्तक बदलायचे नव्हते (त्यात एकाची भर पडत होती), जात जाणार नव्हती, सोयर तुटणार नव्हते. त्याला जे हवे होते, आणि जे आपल्या प्रवचनकारांकडे नाही असे त्याला वाटत होते, ते म्हणजे अधिकार : बाप्तिस्मा देण्याचा अधिकार तुला कोणी दिला, या प्रश्नाचे सरळ उत्तर. वुड्रफकडे ते उत्तर होते.

शनिवार, ७ मार्च. या आठवड्यातला माझा सर्वांत आवडता दिवस. या दिवशी काहीच घडत नाही. वुड्रफने दिवसाचा बराचसा वेळ बेन्बोच्या शेतातले तळे साफ करण्यात घालवला. या पंथात बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर पाणी शिंपडणे नव्हे, माणूस पूर्ण पाण्याखाली गेला पाहिजे; आणि आता पुष्कळ लोक येणार हे त्याने ओळखले होते. गुरांच्या पाण्याच्या तळ्यात गाळ असतो, शेवाळ असते, काठ निसरडा असतो. बाया येणार, म्हातारी माणसे येणार, मार्चमधले पाणी बर्फासारखे. पायाखाली टणक तळ पाहिजे, कमरेइतके पाणी पाहिजे. प्रेषितपदावर चढलेला माणूस दिवसभर चिखल उपसतो आहे, याचे या पंथाच्या लेखकांना कौतुक वाटते. मला त्यात पाणचक्कीवाल्याचा पोर दिसतो. पाणी कोठे अडवायचे, गाळ कसा काढायचा हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

खाली गावात सेंट मायकेलचे पॅरिश चर्च आहे. त्यातले बाराव्या शतकातले दगडी बाप्तिस्मापात्र कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यावर येशूचा बाप्तिस्मा कोरला आहे : पाण्यात उभा असलेला येशू, शेजारी योहान. सातशे वर्षे त्या पात्राभोवती तान्ह्या बाळांचे बाप्तिस्मे झाले. दगडावरचे ते चित्र त्या शनिवारी वर टेकडीवर कोणी तरी शब्दशः घेतले होते आणि त्यासाठी फावडे हातात धरले होते.

रविवार, ८ मार्च. सकाळी फ्रोम्स हिलला प्रवचन, दुपारी स्टॅन्ली हिलला, संध्याकाळी हिल फार्मवर. १८८१ च्या पुस्तकात वुड्रफ सांगतो, की त्या दिवशी पॅरिश चर्चमध्ये फक्त पंधरा माणसे होती आणि आपल्या सभांना मिळून अंदाजे हजार. हा ‘अंदाजे’ जपून घ्यावा. तीन सभा, तीन ठिकाणे. सकाळचा माणूस दुपारीही आला असेल तर तो दोनदा मोजला गेला. पण निम्मे केले तरी आकडा लहान होत नाही.

आणि संध्याकाळी ती प्रसिद्ध घटना. वुड्रफ बोलायला उठतो तोच दारातून एक माणूस आत येतो. मी कॉन्स्टेबल आहे, रेक्टरसाहेबांनी (म्हणजे गावच्या मुख्य पाद्र्याने) तुला पकडायला वॉरंट देऊन पाठवले आहे, असे सांगतो. गुन्हा कोणता? लोकांना प्रवचन करणे. वुड्रफ म्हणतो, रेक्टरप्रमाणे माझ्याकडेही प्रवचनाचा परवाना आहे. आपण बसा, सभा संपली की मी तुमच्या सेवेला हजर आहे. कॉन्स्टेबल वुड्रफच्याच खुर्चीवर बसतो. सव्वा तास प्रवचन होते. शेवटी बाप्तिस्म्यासाठी सात जण पुढे येतात, त्यांत चार प्रवचनकार आणि सातवा-आठवा कोणी नाही, खुद्द कॉन्स्टेबल. पुढे रेक्टर हेरगिरीसाठी आपले दोन चर्च-कारकून पाठवतो, तेही बाप्तिस्मा घेऊन बसतात.

गोष्ट फारच छान आहे, आणि फार छान गोष्टीपुढे अभ्यासकाने थोडे थांबावे. आपल्या संतचरित्रांत पकडायला आलेला शिपाई पाया पडतो, परीक्षा घ्यायला आलेला पंडित शिष्य होतो. हा साचा जगभर आहे. गोष्टीतला रेक्टर स्वतः कधीच बोलत नाही, हेही साच्याला धरूनच. तरी मी ही गोष्ट टाकून देत नाही, कारण तिच्यातला सर्वांत कमी चमत्कारिक भाग सर्वांत खरा आहे : परवाना.

इंग्लंडमध्ये १८१२ साली उपासनास्थळांविषयी एक कायदा झाला. जुने जाचक कायदे त्याने रद्द केले. घरच्या माणसांखेरीज वीसपेक्षा जास्त लोक प्रार्थनेला जमणार असतील तर ती जागा नोंदवलेली असावी, एवढी मुख्य अट. आणि नोंदवलेल्या जागी चाललेल्या उपासनेत अडथळा आणणाऱ्याला शिक्षा. बेन्बोचे घर नोंदवलेले होते. म्हणजे त्या संध्याकाळी कायद्याच्या दृष्टीने अडचणीत वुड्रफ नव्हता, कॉन्स्टेबल होता. भर सभेत प्रवचनकाराला ओढून नेले असते तर त्यालाच उत्तर द्यावे लागले असते. तो खुर्चीवर बसला यात मला चमत्कार दिसत नाही, पुरेसे शहाणपण दिसते. बसल्यावर त्याने काय ऐकले आणि त्याला काय वाटले, हा वेगळा भाग, आणि तो त्याचा स्वतःचा. सांगायचे एवढेच, की हे संरक्षण वुड्रफने आणले नव्हते. संयुक्त बंधूंनी आधीच घरोघर मिळवून ठेवले होते.

त्या रात्री सात जणांना पाण्यात उतरवून, तेरा जणांचे दृढीकरण करून, प्रभुभोजन देऊन आठवडा संपला.

पुढचा हिशेब थोडक्यात. दोनच आठवड्यांत किंग्टननेही बाप्तिस्मा घेतला आणि त्याच्यामागे बाकीचे प्रवचनकार आले. प्रार्थनामंदिर आणि नोंदलेली घरे वुड्रफच्या हाती आली. पुस्तकात तो म्हणतो, सहाशे संयुक्त बंधूंपैकी एक सोडून सगळे आले, आठ महिन्यांत अठराशेवर माणसे पंथात आली आणि एकट्या त्या तळ्यात आपण सहाशे जणांना बाप्तिस्मा दिला. आता वही उघडू. १८४० च्या अखेरीस वुड्रफने वर्षाचा ताळेबंद लिहिला आहे. वर्षभरात, सगळ्या ठिकाणी मिळून, स्वतःच्या हाताने दिलेले बाप्तिस्मे : ३३६. आणखी ८६ जणांच्या वेळी मदत. तळ्यातले सहाशे हा आकडा वहीत बसत नाही. वुड्रफ खोटारडा होता असे यावरून ठरत नाही. बाप्तिस्मे देणारे हात पुष्कळ होते, आणि चाळीस वर्षांत ‘आमचे’ हे ‘माझे’ होऊन जाते. कोणत्याही चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याच्या आठवणी काढून बघा. मला विशेष वाटते ते हे, की त्याला खोडून काढणारा पुरावा त्यानेच जपून ठेवला. आणि ३३६ हा काय लहान आकडा आहे?

पैशाचाही भाग होता. जॉन बेन्बोने २५० पौंड आणि किंग्टनने १०० पौंड दिले, त्यातून पंथाचे स्तोत्रांचे पुस्तक आणि ‘मॉर्मनचे पुस्तक’ इंग्लंडमध्ये छापायला हात लागला. बेन्बो दांपत्य त्याच वर्षी अमेरिकेला निघाले. पुढच्या काही वर्षांत बहुतेकांनी तोच रस्ता धरला. गॅडफील्ड एल्मचे मंदिर विकून तो पैसाही स्थलांतराकडे गेला. ज्या मुलखात एका वर्षात इतकी माणसे मिळाली तिथे थोड्या वर्षांनी पंथाचे नाव सांगायला फार कोणी उरले नाही. यशाचा हा प्रकार आपल्याला चमत्कारिक वाटेल. त्यांच्या दृष्टीने मात्र पीक कापून कोठारात गेले होते.

फीबीचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नाही. २२ मार्च १८४० रोजी, म्हणजे हिल फार्मच्या त्या रविवारनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, तिला मॉन्ट्रोजमध्ये मुलगा झाला. १७ जुलैला सेरा एमा वारली. दोन वर्षे पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. बापाला ते कळले कित्येक आठवड्यांनी, पत्रातून. १८४१ च्या उन्हाळ्यात त्याने मुलाला पहिल्यांदा पाहिले तेव्हा पोर वर्षाचे होऊन गेले होते. अठराशे आत्म्यांची गोष्ट सांगताना ही गोष्ट शेजारी ठेवायला हवी. रोजनिशीत ती शेजारीच आहे.

आता पुणे. ह्यू फिंडले ब्रिटनमधून निघून सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईत पोहोचला. पद्धत तीच : थैली नाही, झोळी नाही, एखादे घर उघडेल, त्या घरातून दुसरे. मुंबईत पाद्री आणि वर्तमानपत्रे दोन्ही विरोधात गेली. तो पुण्याला आला. पण पुण्यात त्याच्याशी इंग्रजीत बोलू शकणारा गोरा किंवा युरेशियन माणूस प्रामुख्याने लष्करात, म्हणजे आजच्या कॅम्पात, राहणारा, आणि तिथे प्रत्येक छप्पर सरकारच्या मर्जीतले. हिल फार्मवर घरमालक हा राजा होता, कॉन्स्टेबलाला त्याच्या दारात बसावे लागले. छावणीत बराकीतल्या सोल्जरला स्वतःचे दारच नव्हते. अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचनाला मनाई केली तेव्हा विषय संपला. तिथे कोणी किंग्टन नव्हता, प्रवचनकारांचा तक्ता नव्हता, नोंदवलेली घरे नव्हती. आणि छावणीच्या हद्दीबाहेर जी पेठांची वस्ती होती, जिथे खरे तर सप्ताह, फड, दिंड्या सगळे होते, तिथे जायला भाषाही हवी आणि आयुष्यही. मॉर्मन प्रचारकाकडे दोन्हींपैकी काहीच पुरेसे नव्हते.

वर आणखी एक घाव बसला. २९ ऑगस्ट १८५२ रोजी सॉल्ट लेकमध्ये पंथाने बहुपत्नीत्वाचा सिद्धान्त जाहीरपणे सांगितला. १८४० मध्ये हेरफर्डशायरच्या शेतकऱ्यांच्या हे कानावरही नव्हते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या समाजात मात्र ही बातमी प्रचारकाच्या पाठोपाठ पोहोचली, आणि मग त्याच्या तोंडून दुसरा विषय कोणी ऐकून घेईना. यूटाहून तेरा जणांची आणखी एक तुकडी एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला उतरली, तिचीही हीच कथा. (बहुपत्नीत्व थांबवण्याचे जाहीर निवेदन पुढे १८९० मध्ये निघाले. त्यावर पंथाध्यक्ष म्हणून सही होती विल्फर्ड वुड्रफची.)

फिंडलेने पुण्यात मूठभर माणसांची शाखा उभी केली, त्याचा भाऊ ॲलनही मदतीला आला. १८५५ मध्ये ह्यूने हिंदुस्थान सोडला आणि १८५६ पर्यंत मोहिमेचे सगळे काम आटोपले. ज्यांना शक्य झाले ते सभासद यूटाच्या वाटेला लागले.